तुझा ऐन कोणता, येशा

येशा, आपल्या खालच्या बांधावर ऐनाची चार झाडं आहेत. पाच नाहीत, तीन नाहीत. काल शाळेतून आल्यावर हातातली पिशवीही न ठेवता मी पुन्हा जाऊन मोजून आलो. मोजण्यात माझी चूक होत नाही, हे तुला ठाऊक आहे. चूक कशात होते ते मला आता आता कळायला लागलंय, आणि तेही धड कळलंय असं नाही. डोक्यात नुसता गुंता झालाय. तू असतास तर तुला फोन लावला असता आणि तुझ्यावरच चिडलो असतो.

तुला जाऊन दोन महिने होत आले. वहिनींनी तुझी चित्रं लावून एक लहानसा कार्यक्रम करायचं ठरवलंय. फोनवर म्हणाल्या, मधू भाऊजी, त्याच्या लहानपणाबद्दल तुम्ही लिहा, ते तुमच्याइतकं कोणाला माहीत नाही, आम्ही तिथे वाचून दाखवू. मी हो म्हणालो. दीड पान एका बैठकीत झालं. तू चौथीपर्यंत आमच्या शेजारच्या घरात होतास, मग तुझ्या वडिलांना अंबरनाथला कंपनीत नोकरी लागली आणि तुम्ही गाव सोडलंत, तुमचं शेत आमच्या बाबांनी कसायला घेतलं, तू चित्रकार झालास आणि मी इथेच जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर झालो. सगळं बरोबर होतं. एखाद्या मुलाने लिहिलं असतं तर दहापैकी नऊ गुण दिले असते. मग मी ते फाडलं. कारण त्यात झाडाचं नावच नव्हतं, आणि गेली आठ वर्षं तुझ्यामाझ्यात दुसरं होतं काय? तुझं ते झाड खरं होतं की नव्हतं, एवढाच तर आपला वाद होता.

कार्यक्रमाला येणाऱ्या शहरातल्या मंडळींसाठी थोडं सांगायला हवं. तू तोंड वाकडं करू नकोस, मास्तर आहे मी. आपल्या शहापूर-मुरबाडच्या पट्ट्यात भाताचं रोप राबात करतात. म्हणजे शेताच्या एका तुकड्यावर शेण पसरायचं, त्यावर झाडांचा वाळलेला टहाळ, त्यावर गवत आणि पालापाचोळा, वरून मातीचा हात, आणि पाऊस यायच्या कितीतरी आधी ते सगळं भाजायचं. त्या राखेत पेरलेलं रोप कसं तरारून येतं ते बघण्यासारखं असतं. या टहाळासाठी पौष-माघात माणसं कमरेला कोयता लावून झाडावर चढतात आणि डहाळ्या छाटतात. त्यात ऐन सगळ्यांच्या आवडीचा, कारण तो कितीही तोडला तरी पुन्हा फुटतो. त्यामुळे आपल्याकडच्या बांधावरचा ऐन म्हणजे उभा सोट, अंगभर गाठी आणि वर जेमतेम एक झुपका. डेरेदार ऐन बघायचा तर रानात आत जायचं. बांधावर तसा ऐन नसतो. हे मी तुला किती वेळा सांगितलं असेल.

आणि तू काय काढायचास? खालच्या बांधावर भला थोरला ऐन, दोन्ही बाजूंच्या खाचरांवर पसरलेला. कापणीच्या दिवसांतली दुपार. बायका सावलीत भाकरी सोडून बसलेल्या, बेचक्यात पाण्याचं मडकं अडकवलेलं, आणि एका बाजूला आपण दोघं, मधे दोरीला बांधलेला खेकडा. ते चित्र तू कॉलेजात असताना पहिल्यांदा काढलंस. मग दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा. कधी बायका नसायच्या, कधी खेकडा नसायचा, पण झाड असायचंच.

त्या झाडावरून पहिली बाचाबाची दोन हजार सालच्या दिवाळीनंतर झाली. दहावीनंतर तू पाच वर्षं गावाकडे फिरकलाच नव्हतास आणि त्या दिवशी एकदम खांद्याला झोळी, हातात चित्रांची वही असा सरळगावच्या गाडीतून उतरलास. चहा न घेताच तू खालच्या बांधाकडे सुटलास. मी मागून आलो तर तू मधोमध उभा, चेहरा असा की जणू घराचं दार चुकलंय. म्हणालास, इथे एक मोठं झाड होतं ना? मी म्हटलं, ही काय चार आहेत. तू म्हणालास, ही नव्हेत रे. मी हसलो. तुला म्हटलं, शहरात राहून माणसाला गावातलं सगळंच मोठं वाटायला लागतं. तू एकदा माझ्याकडे आणि एकदा झाडांकडे बघितलंस, खोडांवरून हात फिरवलास. घरी येऊन वाद घातलास; आई माहेरी गेली होती, घरात आपण दोघंच. जेवताना, झोपायला पडल्यावर, दुसऱ्या दिवशी गाडीला सोडायला आलो तरी. गाडी सुटताना खिडकीतून ओरडलास, "होतं मध्या, होतं." मी हात हलवला आणि मान नाही म्हणून हलवली.

तुझ्या चुका काढायची मला सवयच लागली होती म्हण. आपण तिसरीत असताना खळं शेणाने सारवलेलं होतं, ओलं होतं, आणि तू काडीने त्याच्यावर म्हैस काढलीस. आख्खं खळं व्यापून. तू अजून शेपटीवर होतास तोवर मी सांगितलं की शिंगं उलटी वळलीत. बाबा मागे कधी येऊन उभे राहिले ते कळलं नाही. मला वाटलं आता दोघांनाही बसणार. बाबा म्हशीभोवती एक फेरी मारून आले आणि मला म्हणाले, "असू दे. त्याला तशी दिसली असंल." भात झोडायला घेईपर्यंत ते त्या म्हशीच्या अंगावर पाय न देता कडेकडेने जात होते. तू त्या दिवशी किती खूश होतास. मी मात्र दोन दिवस गाल फुगवून बसलो, कारण शिंगं खरोखरच उलटी होती.

आता ते मुंबईचं. ते लिहायचं टाळत होतो, पण त्याच्याशिवाय पुढे जाता येत नाही. तुझं पहिलं मोठं प्रदर्शन होतं. मी शाळेतून रजा घेऊन, इस्त्रीचा शर्ट घालून, आसनगावहून आलो होतो. आत गार हवा, पांढऱ्या भिंती आणि त्यांच्यावर आपलं गाव. आपल्या कुडाच्या भिंती, इरली घेऊन लावणीला चाललेल्या बायका, मोहाची फुलं वेचणारी माणसं. मला भरून आलं होतं, खरंच सांगतो. कोणालातरी सांगावंसं वाटत होतं की ही विहीर मी ओळखतो, या विहिरीत मी पडलोय. तेवढ्यात तू मला हाताला धरून चार मोठ्या माणसांसमोर नेलंस आणि म्हणालास, हा माझा मित्र, चित्रातला दुसरा मुलगा हाच. ते सगळे त्या झाडाच्या चित्रासमोर उभे होते. एक बाई कौतुकाने म्हणाल्या, काय सुंदर झाड आहे हो तुमच्या गावात.

मी गप्प बसायला हवं होतं. पण मला राहवलं नाही. मी म्हणालो, "चित्र छान आहे, पण झाड खोटं आहे. असं झाड आमच्या बांधावर कधी नव्हतं." आणि वर राब, टहाळ, कोयता, सगळं समजावून सांगितलं. वर्गात शिकवतात तसं. लोक हसले, चांगल्या मनानेच हसले. तूही हसलास. त्या बाईंनी विचारलं, म्हणजे हे कल्पनेतलं का? तू माझ्याकडे बघितलंस. "मध्या सांगतोय तर तसंच असेल," म्हणालास. दुसऱ्या दिवशी चित्राखालची चिठ्ठी बदलून तिथे 'कल्पनेतलं झाड' असं लिहिलं गेलं, हे वहिनींनी मला आता सांगितलं. तेव्हा तू सांगितलं नाहीस. मी मात्र परतीच्या गाडीत खुशीत होतो. खरं तेच बोललो असं वाटत होतं.

त्यानंतर तू ते झाड काढलं नाहीस. मला वाटलं, पटलं तुला. आणि मग ते पोस्टाने येणं सुरू झालं. तू कच्च्या चित्रांच्या झेरॉक्स काढून पाठवायचास आणि सोबत प्रश्न. विहिरीला पायऱ्या कुठल्या अंगाला होत्या? देवळावर तेव्हा पत्रे होते की कौलं? चंद्री मावशीच्या कानात काय असायचं? मी रविवारी आंघोळ करून, लाल पेन घेऊन बसायचो. बायको म्हणायची, आले तुमचे पेपर. पायऱ्या पूर्वेला. कौलं. बुगड्या. तुमचा बैल तांबडा नव्हता, बांडा होता. चूक असेल तिथे गोल करायचो आणि बरोबर असेल तिथे टिक. चार वर्षं हे चाललं. येशा, मला ते आवडायचं. एवढा मोठा चित्रकार माझ्याकडून तपासून घेतो याचा मला गर्व होता. शाळेत दोन-चार जणांना दाखवलंही होतं.

म्हणजे तुझ्याकडून मला काही मिळालं नाही असं नाही. एका शनिवारी तू शाळेत आलास आणि माझा सगळा वर्ग बाहेर काढलास. मुलांना म्हणालास, घरून शाळेत येताना वाटेत जे दिसलं ते काढा, मला विचारू नका, मास्तरांना तर अजिबात विचारू नका. मी वरांड्यात उभा राहून साहेब तर येत नाहीत ना ते बघत होतो. एका मुलीने गोवऱ्या लावलेली भिंत काढली, प्रत्येक गोवरीवर पाच बोटांचे ठसे. मी रोज त्या भिंतीवरून येतो. मला ते ठसे कधी दिसले नव्हते. तू ती वही माझ्यापुढे धरलीस आणि नुसता बघत राहिलास. तेव्हापासून दर शनिवारी मी वर्ग बाहेर नेतो. पोरं उलटीसुलटी शिंगं काढतात आणि मी जीभ आवरतो, निदान तसा प्रयत्न करतो. हे तुला सांगायचं राहून गेलं. सांगितलं असतं तर तू चिडवलं असतंस म्हणून नाही सांगितलं.

तुझे तेरा दिवस झाल्यावर वहिनी गावाकडे आल्या. एकट्याच. गाव बघायचं होतं त्यांना. लग्न झाल्यापासून चित्रातच बघत होते, म्हणाल्या. सोबत दोन गोष्टी होत्या. तुझ्या सगळ्या चित्रांच्या फोटोंचा एक अल्बम, आणि जुन्या चादरीत गुंडाळलेलं एक चित्र. ते माझ्यासाठी होतं. दुपारी जेवणं झाल्यावर आम्ही ओटीवर बसलो. वहिनी अल्बमची पानं उलटत बोलत होत्या. म्हणाल्या, आधीची चित्रं तो गाणी गुणगुणत काढायचा. गेली चार वर्षं काढण्यापेक्षा पुसायचाच जास्त. म्हणायचा, मध्याने बघितल्याशिवाय मला माझ्या डोळ्यांचा भरवसा वाटत नाही. वहिनींना यात माझा काही दोष दिसत नव्हता. उलट मी त्याला एवढी मदत केली म्हणून त्या माझे आभार मानत होत्या. मी अंगणातल्या कोंबड्यांकडे बघत बसलो.

मग त्या पाणी प्यायला आत गेल्या आणि अल्बम आईने ओढून घेतला. आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन गेल्या वर्षी झालंय, चष्मा जाड आहे, पण आता तिला माझ्यापेक्षा चांगलं दिसतं. एकेक फोटो डोळ्यांजवळ नेऊन ती बघत होती. एका पानावर थांबली, बोट ठेवलं आणि म्हणाली, "ह्यो तर येशाचा आयन."

मी म्हटलं, आई, तसलं झाड नव्हतं, ते त्याने मनाने काढलंय. माझ्या तोंडून ते इतक्या सवयीने निघालं की मला ऐकूही आलं नाही.

"नव्हता कसा?" आई म्हणाली. "तुज्या बानी राखलाता तो. ते लोक गाव सोडून गेले ना, तवापासून त्यानी त्याला कोयता लावू दिला नाय. बोलायचा, शेत मी कसतो पन झाड त्यांचा हाय. ते आले का तेच तोडतील."

"मग तोडलं कोणी?"

आईने माझ्याकडे अशा नजरेने बघितलं, जणू मी थट्टा करतोय. "तूच रे. तुजा बा खाटेव पडला त्या वर्साला. मी तुला बोल्ले, तीन तोड, येशाचा ऱ्हाऊ दे. तू बोल्लास, झाडाव काय नाव लिवलाय?"

तिने पान उलटलं. तिच्या दृष्टीने विषय संपला होता.

येशा, मी तेव्हापासून आठवायचा प्रयत्न करतोय आणि मला आठवत नाही. ही खोटी सबब नव्हे. मी डोळे मिटून तो बांध आणतो समोर, तर चार सोट उभे दिसतात. कापणीच्या दिवसांत आपण सावलीत बसायचो हे आठवतं. खेकडा आठवतो, तो तुझ्या बोटाला चावला होता आणि तू रडला नव्हतास, मीच रडलो होतो. पण सावली कशाची होती ते आठवत नाही. सावलीला कोण वर बघतं? तू दिवाळीच्या सुट्टीत दहा-पंधरा दिवसांसाठी यायचास आणि सगळं डोळे भरून बघायचास. मी तिथेच होतो, मला बघायची गरज काय होती. रोज ज्या बांधावरून गेलो, त्याच्यावर मी आजचंच झाड बघत गेलो, आणि कालचं त्याच्याखाली कधी बुजलं ते मला कळलं नाही.

पण एक गोष्ट मला पक्की आठवते आणि तीच आता माझ्या उरावर बसलीय. बाबांचं अर्धं अंग गेलं तेव्हा मी दहावीत होतो. त्या माघात पहिल्यांदा कोयता माझ्या हातात आला. घरात दुसरा कोणी पुरुषमाणूस नव्हता, गाव म्हणत होतं पोराला काय जमणार. मी बांधावरच्या झाडांवर चढलो आणि टहाळ उतरवला. अकरा भारे. दर वर्षी त्या बांधावरून चार भारे निघायचे, फार तर पाच. मी अकरा काढले. आई डोक्यावर वाहून दमली. शेजारीपाजारी बघायला आले. पोराने बापाच्या वर नंबर काढला, असं म्हणाले. बाबांची खाट ओटीवर होती, समोरच शेतात मी तो ढीग रचला. बाबा बघत राहिले. वाचा गेली होती त्यांची. बघता बघता त्यांनी तोंड भिंतीकडे फिरवलं. मला वाटलं, पोराचं कौतुक वाटून डोळे भरून आले असतील.

ही अकरा भाऱ्यांची गोष्ट मी किती जणांना सांगितलीय म्हणून सांगू. दर वर्षी वर्गात सांगतो, कष्टाचा धडा आला की. तेरा वर्षांत मला एकदाही प्रश्न पडला नाही की सोटासारख्या चार झाडांवरून अकरा भारे निघाले कसे. गणित शिकवतो मी, येशा.

आणि तुलाही सांगितली होती. दोन वर्षांपूर्वी आसनगाव स्टेशनवर, तुझी गाडी उशिरा होती म्हणून आपण बाकावर चहा घेत बसलो होतो तेव्हा. बाबांचा विषय निघाला होता. मी रंगवून सांगितलं. तू ग्लास हातात धरून ऐकत होतास. मग हळूच विचारलंस, "अकरा? एकट्या खालच्या बांधावरून?" मी छाती काढून म्हटलं, एकट्या बांधावरून. तू बराच वेळ रुळांकडे बघत होतास. चहा गार झाला तुझा. मला वाटलं, तुला कौतुक वाटलं. गाडी आली, तू चढलास, आणि त्या दिवशी खिडकीतून काहीच ओरडला नाहीस.

तेव्हा तुला कळलं होतं का? मला हे विचारायचंय आणि विचारायला आता कोणी नाही. कळलं असेल तर बोलला का नाहीस? एक वाक्य पुरलं असतं. मध्या, तूच तोडलंस की रे. मी आधी भांडलो असतो, नाही म्हणालो असतो, मग आईला विचारलं असतं, आणि तुम्ही दोघं मिळून मला कायमचं चिडवत बसला असतात. मी ते सोसलं असतं. त्याऐवजी तू घरी जाऊन पुन्हा मला झेरॉक्स पाठवल्यास, आणि मी पुन्हा लाल पेनाने गोल केले. तू ते का करत राहिलास?

चादरीतलं चित्र मी वहिनी गेल्यावर उघडलं. त्यात झाड नाही. चित्रभर नुसता टहाळाचा ढीग आहे, अजून न भाजलेला, अर्धा हिरवा, अर्धा वाळलेला. पानापानाची शीर दिसते. मी भारे मोजले. सवयच आहे. अकरा. मागच्या बाजूला तुझ्या अक्षरात लिहिलंय: मधूचा पहिला राब. त्याच्याखाली बारीक अक्षरात: हे तपासायला पाठवलेलं नाही.

मी ते चित्र भिंतीला टेकवून ठेवलंय आणि येता-जाता त्याच्याकडे बघतो. कधी वाटतं, तू रागावून काढलंस. बघ, माझं झाड असं आडवं पाडलंस, असं म्हणतोयस. कधी वाटतं, नाही, त्या हिरव्यात राग नाही. पंधरा-सोळा वर्षांच्या पोराने बाप आजारी असताना घरचा राब रचला, तो तुला माझ्या डोळ्यांनी बघायचा होता, आणि तू तो मी सांगितला तसाच, अभिमानाने काढलास. सकाळी मला एक खरं वाटतं, शाळेतून आल्यावर दुसरं. वहिनींना विचारलं, त्या म्हणाल्या, हे काढताना तो गुणगुणत होता. याचा अर्थ काय लावू? तू मला माफ केलंस की माफ करण्यासारखं काही घडलंच नाही असं तुला वाटलं? की शेवटी माझ्याशिवाय एक चित्र जमलं, एवढ्यासाठीच गुणगुणत होतास? तसं असेल तर मला सगळ्यात बरं वाटेल, आणि सगळ्यात वाईटही.

बाबांचंही तसंच. भिंतीकडे वळलेलं ते तोंड आता मला रोज दिसतं. तुझ्या उलट्या शिंगांच्या म्हशीवर पाय न देणारा माणूस तो. त्याच्या डोळ्यांसमोर मी त्याने राखलेलं झाड ढीग करून रचलं आणि वर त्याच्याकडे शाबासकीसाठी बघत उभा राहिलो. त्या आषाढात ते गेले.

वहिनींना मी यातलं काही बोललो नाही. म्हणून इथे लिहितोय. मुंबईत मी चारचौघांत तुला खोटं पाडलं, तर हेही चारचौघांत वाचलं जावं. मंडळी, ते झाड होतं. खालच्या बांधावर, आमच्या शेजाऱ्यांच्या वाटणीचा ऐन, डेरेदार, दोन्ही खाचरांवर सावली धरणारा. माझ्या वडिलांनी तो राखला होता आणि मी तोडला. तुमच्यासमोरच्या चित्राखाली 'कल्पनेतलं' असं लिहिलं असेल तर तेवढं काढून टाका. यशवंत बरोबर होता.

हे लिहून झाल्यावर सुटल्यासारखं वाटेल असं वाटलं होतं. तसं वाटत नाही. अजूनही मला ते झाड आठवत नाही. आईने सांगितलं म्हणून आणि अकरा भाऱ्यांचा हिशोब जुळतो म्हणून मी मान्य केलंय. एखाद्या उत्तराच्या पायऱ्या बरोबर येतात, पण उत्तर आपलं वाटत नाही, तसं झालंय. तुझ्या चित्रात तू माझ्या शेजारी बसलायस आणि मी त्या सावलीत आहे. तू मला तिथे बघितलंस. मला मी तिथे दिसत नाही.

गेल्या रविवारी आईला हाताला धरून खालच्या बांधावर घेऊन गेलो. म्हटलं, दाखव, यातला येशाचा कोणता? ती पहिल्यांदा कडेच्या झाडापाशी गेली, खोडावर हात ठेवला, मान हलवली. मग दुसऱ्यापाशी गेली. तिथून पुन्हा कडेच्या झाडाकडे बघितलं. मग तिसऱ्याकडे बोट केलं आणि लगेच खाली घेतलं. "तवा येकच मोटा व्हता म्हनून कलायचा," म्हणाली. "आता तू समदे सारकेच केलेस, कसा वलकू?" ती हे रागाने बोलली नाही. मला ते रागापेक्षा जास्त लागलं.

माघ संपत आलाय. गावात सगळ्यांचे टहाळ उतरून झालेत, शेतोशेती ढीग पडलेत. आमचंच शेत मोकळं आहे. बायको दोनदा विचारून गेली, यंदा राबाला काय घालायचं, नुसत्या शेणाने आणि पालापाचोळ्याने रोप येणार आहे का? तिला म्हटलं, येईल तेवढं येईल. ती म्हणाली, निदान तीन तरी तोडा, एक ठेवा त्यांच्यासाठी. मी कोयता काढला, धार लावली, बांधावर गेलो, आणि चारही झाडांखाली उभा राहून बघितलं, येशा, वर मान करून बघितलं, आणि कोयता घेऊन परत आलो. तुझा कोणता ते मला ओळखता आलं नाही, म्हणून चारही ठेवलेत.